चौरस्त्यावर गिटार जुळवून देणारा

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात क्लार्क्सडेल नावाचे गाव आहे. तिथे ६१ आणि ४९ क्रमांकाचे महामार्ग जिथे मिळतात, तिथे एका उंच खांबावर निळ्या रंगाच्या मोठाल्या गिटारी बसवल्या आहेत. जगभरचे संगीतवेडे त्या खांबाखाली उभे राहून फोटो काढतात, कारण त्यांनी ऐकलेली गोष्ट याच जागी घडली असे मानले जाते. गोष्ट अशी: रॉबर्ट जॉन्सन नावाच्या एका कृष्णवर्णीय तरुणाला गिटार धड वाजवता येत नव्हती. एका मध्यरात्री तो गिटार घेऊन चौरस्त्यावर गेला. अंधारातून सैतान आला, त्याने गिटार हातात घेतली, तारा जुळवल्या, एक गत वाजवली आणि ती परत केली. बदल्यात त्याने जॉन्सनचा आत्मा मागून घेतला. त्यानंतर त्या तरुणासारखी गिटार कोणालाच वाजवता आली नाही. वयाच्या २७ व्या वर्षी सैतानाने आपली वसुली केली.

गरजू कलावंत आणि अमानवी शक्ती यांच्यातल्या जीवघेण्या सौद्याच्या कथा अनेक देशांत आहेत. विसाव्या शतकात त्यांतली सर्वांत जास्त सांगितली गेलेली कथा बहुधा हीच असावी. पुढील पानांचा विषय हा माणूस, त्याची २९ गाणी आणि त्याच्याभोवती उभी राहिलेली ही कथा असा तिहेरी आहे. या प्रस्तावनेचा आग्रह एकच आहे. ही कथा खोटी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही, पण ती जशी आज सांगितली जाते तशी तिला स्वीकारताही येत नाही. मूळ लोकसमजुतीत चौरस्त्यावर भेटणारा हा शिकवणारा होता. पुढे इतरांच्या हाती पडल्यावर तो आत्मा विकत घेणारा झाला. या बदलात एका कष्टाळू कलावंताचे शिक्षण, त्याचा गुरू आणि त्याचा रियाज एवढे सगळे दिसेनासे झाले.

आधी त्या खांबाबद्दल. १९३० च्या दशकात हे दोन महामार्ग नेमके आजच्या जागी मिळत नव्हते. शिवाय रोझडेल या दुसऱ्या गावानेही आपला चौरस्ता हाच तो चौरस्ता असल्याचे सांगितले आहे. आणि जॉन्सनने २७ नोव्हेंबर १९३६ रोजी ध्वनिमुद्रित केलेल्या ‘क्रॉस रोड ब्लूज’ या गाण्यात, ज्याच्यावर या सगळ्या कथेचा भार टाकला जातो, सैतानाचा उल्लेखच नाही. त्या गाण्यातला माणूस चौरस्त्यावर गुडघे टेकतो, पण देवापुढे. तो दयेची याचना करतो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करतो, कोणी थांबत नाही, कोणी त्याला ओळखत नाही, आणि सूर्य बुडत चालला आहे. आपली ही अवस्था विली ब्राउन या मित्राच्या कानावर घाला, असे तो सांगतो.

सूर्य बुडण्याची ही भीती समजून घ्यायला भुताखेतांची गरज नाही. त्या काळच्या मिसिसिपीत अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्यावर एकटा सापडलेला काळा माणूस भटका म्हणून पकडला जाऊ शकत होता, सक्तमजुरीला जुंपला जाऊ शकत होता, जमावाच्या हाती लागला तर जिवाला मुकू शकत होता. जॉन्सनच्या घरातच याचा अनुभव होता. त्याच्या आईचा नवरा चार्ल्स डॉड्स हा हेझलहर्स्ट गावात बऱ्यापैकी स्थिरावलेला माणूस होता. गोऱ्या जमीनमालकांशी त्याचे बिनसले आणि जीव वाचवण्यासाठी त्याला गाव सोडून मेम्फिसला पळावे लागले. तिथे तो स्पेन्सर असे नाव लावून राहिला. रॉबर्टचा जन्म या पळापळीनंतर, आईच्या नोआ जॉन्सन नावाच्या दुसऱ्या माणसाशी आलेल्या संबंधातून झाला. तारीख साधारणपणे ८ मे १९११ धरली जाते. लहानपणी काही वर्षे तो मेम्फिसला त्या स्पेन्सर कुटुंबात राहिला, तिथल्या शाळेत गेला. मग आईकडे, डेल्टा भागातल्या कापसाच्या मळ्यांत आला. तिथे सावत्र बाप अर्धेलीने शेती करत होता. या पद्धतीत बियाणे, खाणेपिणे, कपडे सगळे मालकाच्या खात्यावर उचलायचे, हंगामाच्या शेवटी हिशेब मालकाने करायचा आणि बहुतेक वेळा कुळाच्या नावावर देणेच निघायचे. रॉबर्टला शेतात राबायचे नव्हते. गिटार हा त्या खात्यातून बाहेर पडण्याचा एक मार्ग होता.

१९२९ च्या फेब्रुवारीत त्याचे लग्न झाले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याची पत्नी व्हर्जिनिया बाळंतपणात गेली, मूलही गेले. बऱ्याच वर्षांनी मॅक मॅकॉर्मिक या संशोधकाला तिच्या नातेवाइकांनी सांगितले की, रॉबर्ट देवाची गाणी सोडून ऐहिक गाणी गात हिंडू लागला, त्याची ही शिक्षा होती. अशा वागण्याला ते ‘सैतानाला आत्मा विकणे’ म्हणत. मॅकॉर्मिकचे मत असे होते की हे शब्द रॉबर्टने स्वतःही मान्य केले असावेत: घर, संसार, शेत हे सगळे मागे टाकून पूर्णवेळ गाणाऱ्याचे भटके आयुष्य पत्करण्याच्या अर्थाने. हा मुद्दा सबंध प्रकरणाच्या मुळाशी आहे. ज्या समाजात ब्लूज गाणे हेच सैतानाचे काम मानले जात होते, तिथे आत्मा विकण्यासाठी मध्यरात्रीची वाट पाहावी लागत नव्हती. शनिवारी रात्री ज्यूक जॉइंटमध्ये, म्हणजे मळ्यांच्या आसपासच्या त्या दारू-नाचाच्या खोपटांत, गिटार घेऊन बसले की सौदा झालाच.

याच सुमारास, १९३० साली, सन हाउस हा मोठा ब्लूज गायक रॉबिन्सनव्हिल भागात राहायला आला. पोरसवदा रॉबर्ट त्याच्या आणि विली ब्राउनच्या मागे मागे असायचा. हाउसच्या आठवणीप्रमाणे तो माउथऑर्गन चांगला वाजवी, पण गिटार अगदीच वाईट. हाउस आणि ब्राउन विश्रांतीला उठले की हा त्यांची गिटार उचलून झोडपायला लागे आणि लोक येऊन तक्रार करत की त्या पोराला आवरा. मग रॉबर्ट त्या भागातून नाहीसा झाला. परतला तेव्हा त्याच्या हातात गिटार होती आणि ती त्याने अशी वाजवली की दोघे बघत राहिले.

मधला काळ किती? हाउसच्या सांगण्यात तो काही महिन्यांचा होता. संशोधकांनी जुळवलेल्या तारखांवरून तो त्याहून बराच मोठा, वर्ष-दीड वर्षाच्या पुढचा दिसतो. या काळात रॉबर्ट आपल्या जन्मगावाच्या, हेझलहर्स्टच्या परिसरात परतला होता. जवळच्या बोरगार्ड गावात आइक झिमरमन नावाचा एक गिटारवादक राहत होता. रॉबर्ट त्याच्याकडे गेला, त्याच्या घरात राहिला, त्याच्याकडून शिकला. झिमरमनच्या कुटुंबीयांच्या आठवणी ब्रूस कॉनफोर्थ या अभ्यासकाने गोळा करून २००८ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत एक तपशील असा आहे की गुरू-शिष्य रात्री जवळच्या कबरस्तानात जाऊन, थडग्यांवर बसून वाजवत. कारण अगदी साधे होते. घरात लेकरेबाळे झोपलेली असत. कबरस्तानात रात्रभर गिटार वाजवली तरी कोणाची झोपमोड होत नव्हती.

या माणसाबद्दल जगाला फार उशिरा कळले, याची खंत वाटते. झिमरमनने स्वतःचे एकही ध्वनिमुद्रण मागे ठेवले नाही. त्याच्या हातून तयार झालेला शिष्य जगप्रसिद्ध झाला, आणि गुरुपदाचा मान अनेक दशके सैतानाला मिळत राहिला.

आता ती कथा जॉन्सनला चिकटली कशी ते पाहू. चौरस्त्यावर गिटार जुळवून घेण्याची गोष्ट सविस्तर सांगितली गेली ती वेगळ्याच जॉन्सनबद्दल. टॉमी जॉन्सन हा रॉबर्टच्या आधीच्या पिढीतला गायक, आडनाव सारखे पण नाते काही नाही. त्याने १९२८ साली मेम्फिसमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे केली. ‘कॅन्ड हीट ब्लूज’ हे त्याचे गाणे स्टोव्हच्या डबाबंद इंधनातले अल्कोहोल पिण्याच्या व्यसनावर आहे, आणि ते व्यसन त्याचे स्वतःचे होते. टॉमीच्या मृत्यूनंतर त्याचा भाऊ लेडेल याने डेव्हिड इव्हान्स या अभ्यासकाला ती हकिकत सांगितली: वाजवायला शिकायचे असेल तर बाराच्या थोडे आधी चौरस्त्यावर जायचे, एकटे बसून काहीतरी वाजवत राहायचे, मग एक धिप्पाड काळा माणूस येईल, गिटार घेईल, जुळवेल, वाजवून दाखवेल आणि परत देईल. इव्हान्सचे टॉमी जॉन्सनवरचे पुस्तक १९७१ मध्ये आले.

रॉबर्टच्या बाबतीत बीज पडले १९६६ साली. पीट वेल्डिंग या समीक्षकाने ‘डाउन बीट’ मासिकात लिहिले की, रॉबर्टने अचानक केलेल्या प्रगतीचे कारण म्हणून सन हाउसने सैतानाला आत्मा विकल्याची शक्यता गंभीरपणे बोलून दाखवली. एवढ्याशा आधारावर पुढे इमारत चढली. १९७५ मध्ये ग्रील मार्कसच्या ‘मिस्टरी ट्रेन’ या गाजलेल्या पुस्तकात रॉबर्ट जॉन्सन एक झपाटलेला, शापित कवी म्हणून उभा राहिला. १९८६ मध्ये वॉल्टर हिलच्या ‘क्रॉसरोड्स’ या चित्रपटाने ती गोष्ट घरोघर नेली. दोन जॉन्सन एक झाले. कोएन बंधूंच्या २००० सालच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटात मात्र चौरस्त्यावरून आलेल्या गिटारवाल्याचे नाव टॉमी जॉन्सन आहे, ही दखल घेण्याजोगी गोष्ट.

सन हाउसच्या शब्दांना महत्त्व द्यायचे तर ते बोलणारा माणूस कोण होता हेही पाहावे लागेल. हाउस तरुणपणी बॅप्टिस्ट उपदेशक होता. ब्लूज आणि चर्च यांच्यात तो आयुष्यभर ओढला गेला, आणि ही ओढाताणच त्याच्या गाण्याचा गाभा आहे. अशा माणसाने दुसऱ्या ब्लूज गायकाबद्दल आत्मा विकल्याची भाषा करावी यात नवल नाही. त्यात निंदा कमी आणि स्वतःचीच भीती जास्त ऐकू येते. उलट जॉनी शाइन्स, जो रॉबर्टबरोबर गावोगाव भटकला, त्याने स्पष्ट सांगितले आहे की रॉबर्टने आपल्याजवळ असले काही कधीच सांगितले नाही.

पण म्हणून चौरस्त्याची समजूत कोणा समीक्षकाच्या डोक्यातून निघाली असे मुळीच नाही. ती होती, आणि जॉन्सन गात होता त्याच वर्षांत जिवंत होती. न्यूबेल नाइल्स पकेट याच्या १९२६ सालच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या लोकसमजुतींवरच्या ग्रंथात तिचे एक रूप नोंदवलेले आहे: नखे पार मुळापर्यंत कापायची, काळ्या मांजराचे हाड आणि गिटार घेऊन मध्यरात्री सुनसान फाट्यावर बसायचे, वाजवत राहायचे. त्याहून मोठा खजिना आहे हॅरी मिडलटन हायट याचा. हा ख्रिस्ती धर्मोपदेशक १९३६ ते १९४० या काळात दक्षिणेकडच्या राज्यांत हिंडला आणि त्याने सुमारे १६०० लोकांकडून मंत्रतंत्र, जडीबुटी, उतारे-तोडगे यांची माहिती मिळवली. तिचे पाच जाडजूड खंड १९७० ते १९७८ या काळात छापले गेले. जॉन्सन सॅन अँटोनिओत माइकसमोर बसला ते वर्ष आणि हायटने ही मोहीम सुरू केली ते वर्ष एकच.

हायटच्या खंडांतली चौरस्त्याची विधाने वाचताना सैतानाशी करार करणाऱ्या युरोपातल्या फाउस्टची आठवण येत नाही, इतके त्यांचे जग वेगळे आहे. तिथे एका रात्रीत काही मिळत नाही. बऱ्याच जणांनी सांगितलेली मुदत नऊ रात्रींची किंवा नऊ पहाटांची आहे. रोज त्याच जागी जायचे. पहिल्या काही खेपांना प्राणी येतात, एकामागून एक, भय घालण्यासाठी. पळून गेला त्याचे शिक्षण तिथेच संपले. टिकून राहिला त्याच्यापुढे शेवटी एक काळा माणूस येतो आणि जे शिकायचे असेल ते शिकवतो. यादीही पाहण्यासारखी आहे: बँजो, गिटार, व्हायोलिन, अकॉर्डियन, नाच, पत्ते, फासे. ज्याला जे कौशल्य हवे त्याने त्याचे साधन बरोबर न्यायचे. काही सांगणाऱ्यांनी या माणसाला सैतान म्हटले आहे, काहींनी नुसतेच ‘काळा माणूस’. आत्मा गहाण टाकण्याची अट प्रत्येक कथनात नाही.

चौरस्त्याला किंवा तिठ्याला असे महत्त्व का, हे मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको. नारळ, लिंबू, हळदकुंकू, भाताचा मुटका असा उतारा कुठे ठेवतात आणि तो ओलांडताना घरची म्हातारी माणसे पोरांना का हटकतात, हे कोकणात वा देशावर वाढलेल्याला माहीत असते. पश्चिम आफ्रिकेतही वाटा मिळतात ती जागा देवतेची आहे. योरुबा लोकांचा एशू आणि फॉन लोकांचा लेग्बा हे वाटांचे राखणदार, माणूस आणि दैवते यांच्यातले निरोपे. त्यांना आधी वाट मागायची, मगच पुढचे दार उघडते. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी या देवतेत सैतान पाहिला. मिसिसिपीतला काळा माणूस म्हणजे थेट लेग्बाच, असे ठासून सांगणे धाडसाचे होईल. गुलामगिरीने इतके धागे तोडले की सरळ रेघ ओढता येत नाही. तरी चौरस्त्यावर भेटणारा हा शिक्षक युरोपातल्या नरकाधिपतीपेक्षा त्या वाट उघडणाऱ्या देवतेच्या जवळचा आहे, असे अनेक अभ्यासकांना वाटते, आणि हायटची पाने वाचल्यावर ते पटते. तो घाबरवतो, कस पाहतो, आणि मग वाद्य जुळवून हातात देतो. सौद्यापेक्षा दीक्षेच्या जवळ जाणारी ही रीत आहे.

युरोपचा सौदा कायदेशीर असतो. तिथे कागद लागतो, रक्ताची सही लागते, मुदत लागते. १५८७ साली फ्रँकफुर्टमध्ये योहान श्पीस या मुद्रकाने छापलेल्या डॉक्टर फाउस्टच्या कथेत ही मुदत २४ वर्षांची आहे. फाउस्ट मुळात विद्वान, कलावंत नव्हे. संगीतकाराला त्या करारात ओढले ते पुढच्या शतकांनी, आणि थॉमस मानने १९४७ च्या ‘डॉक्टर फाउस्टुस’ या कादंबरीत आड्रियान लेव्हरक्यून या रचनाकाराला तीच २४ वर्षे दिली. जुझेप्पे तार्तिनी या व्हायोलिनवादकाने तर स्वतःच सांगितले की १७१३ मध्ये त्याच्या स्वप्नात सैतान आला आणि त्याने व्हायोलिनवर अपूर्व काहीतरी वाजवले. जागे होऊन त्याने जे लिहून काढले ते त्याच्या मते त्याचे सर्वोत्तम काम होते, तरी ऐकलेल्याच्या पासंगालाही ते पुरत नव्हते.

निकोलो पागानिनी या दुसऱ्या व्हायोलिनवादकाची कहाणी अधिक बोचरी आहे. व्हिएन्नातल्या मैफलीत कोणाला त्याच्या हाताशी उभा राहून गज चालवणारा सैतान दिसला. ही वदंता इतकी पसरली की आपल्याला जन्म देणारे आई-बाप माणसेच होती हे सिद्ध करण्यासाठी त्याने १८३१ साली पॅरिसमध्ये आईचे पत्र छापायला दिले. १८४० मध्ये नीस येथे तो वारला. मरणापूर्वीचे धार्मिक विधी स्वीकारले नाहीत या कारणावरून तिथल्या बिशपने दफन नाकारले, त्याचे शव वर्षानुवर्षे इकडून तिकडे फिरत राहिले आणि पार्म्यात त्याला जागा मिळायला १८७६ उजाडले. या माणसाच्या लहानपणी बापाने त्याला उपाशी ठेवून तासन्‌तास सराव करायला लावला होता. हे त्याने स्वतः सांगितले होते, तरीही लोकांना सैतान जास्त पटला.

पागानिनी आणि जॉन्सन यांच्यात मात्र एक मोठा फरक आहे. पागानिनीच्या २४ कॅप्रिस १८२० पासून छापील स्वरूपात उपलब्ध होत्या, त्याचे शिक्षक ज्ञात होते, त्याच्या तंत्राचा अभ्यास होत राहिला. सैतान हा त्याच्या कीर्तीचा एक रंग होता. जॉन्सनच्या बाबतीत तो रंगच चित्र झाला. १९६१ मध्ये कोलंबिया कंपनीने ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ ही तबकडी काढली तेव्हा त्याचा एकही फोटो जगापुढे नव्हता. जे ऐकू येत होते ते थक्क करणारे होते, आणि गाणाऱ्याबद्दल काहीच ठाऊक नव्हते. त्या रिकाम्या जागेत कथा शिरली. लंडनच्या खोल्यांत बसून ती तबकडी ऐकणाऱ्या गोऱ्या तरुणांनी ती मनापासून स्वीकारली. एरिक क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ने १९६८ मध्ये ‘क्रॉसरोड्स’ जगभर पोहोचवले. त्यांचे प्रेम खरे होते. पण मळ्यावरच्या एका काळ्या पोराने रेकॉर्डी ऐकून, गुरू शोधून, हिशेबाने एक शैली घडवली असेल, ही शक्यता त्या प्रेमात बसायला फार वेळ लागला.

आणि शैली हिशेबानेच घडली होती. स्किप जेम्सच्या १९३१ च्या गाण्यांतून ‘हेलहाउंड ऑन माय ट्रेल’ची चाल आणि ‘थर्टी-टू-ट्वेंटी ब्लूज’ येते. कोकोमो आर्नल्डच्या १९३४ च्या गाण्याने ‘स्वीट होम शिकागो’ला घाट दिला. लिरॉय कार आणि लॉनी जॉन्सन यांच्या तबकड्या त्याने कान देऊन ऐकल्या होत्या. पियानोवाला डाव्या हाताने जो चालता ठेका धरतो तो त्याने अंगठ्याने गिटारच्या जाड तारांवर आणला, वर दुसऱ्या बोटांनी जबाब दिले, आणि ‘आय बिलीव्ह आय विल डस्ट माय ब्रूम’मधला तो ठेका पुढे एल्मोर जेम्सपासून रॉक संगीतापर्यंत सगळ्यांचा झाला. तो गाण्यागणिक तारा वेगवेगळ्या सुरांत जुळवी, आणि दुसरा वादक टक लावून बघतो आहे असे दिसले की हात लपवी, असे त्याच्याबरोबरचे सांगत. जुळवणी ही खरोखरच त्याच्या विद्येची किल्ली होती. चौरस्त्याच्या कथेने नेमक्या त्याच कृतीवर बोट ठेवले आहे. जॉनी शाइन्सच्या आठवणीत तर तो रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे उचलत असे, मग ते पोल्का असो की बिंग क्रॉस्बीचे. रस्त्यावर पैसे मिळवायचे तर समोरच्याला हवे ते वाजवावे लागते.

सैतान त्याच्या गाण्यांत आहेच, ते नाकारू नये. २० जून १९३७ रोजी डॅलसमध्ये त्याने ‘हेलहाउंड’ आणि ‘मी अँड द डेव्हिल ब्लूज’ एकाच दिवशी ध्वनिमुद्रित केली. पहिल्यातली घबराट अंगावर येते. दुसऱ्यात सकाळी दार ठोठावणारा सैतान आहे, पण शेवटी आपल्याला महामार्गाच्या कडेला पुरा, म्हणजे आपला दुष्ट आत्मा ग्रेहाउंड बस पकडून हिंडेल, अशी झणझणीत थट्टाही आहे. ती ऐकणाऱ्यांना नवीन नव्हती. त्या दशकातला लोकप्रिय गायक पीटी व्हीटस्ट्रॉ याच्या तबकड्यांवरच ‘सैतानाचा जावई’ अशी बिरुदावली छापलेली असे. बाजारात सैतान खपत होता आणि जॉन्सनला तबकड्या खपवायच्या होत्या.

खपल्या फारशा नाहीत. सॅन अँटोनिओच्या गंटर हॉटेलात नोव्हेंबर १९३६ मध्ये तीन दिवस आणि डॅलसला जून १९३७ मध्ये दोन दिवस, एवढेच त्याचे ध्वनिमुद्रण. ‘टेराप्लेन ब्लूज’ तेवढे बऱ्यापैकी चालले. १६ ऑगस्ट १९३८ रोजी ग्रीनवुडजवळ तो वारला. एका बाईच्या मत्सरी नवऱ्याने त्याच्या दारूत विष घातले असे बहुतेक जण सांगतात. गेल डीन वॉर्डलो या संशोधकाने १९६८ मध्ये शोधून काढलेल्या मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या जागी ‘डॉक्टर नव्हता’ एवढीच नोंद आहे. हे दोन शब्द कुठल्याही नरकदूतापेक्षा जास्त सांगतात. न्यू यॉर्कमध्ये जॉन हॅमंड हा कार्यक्रमाचा आयोजक त्याला कार्नेगी हॉलच्या रंगमंचावर आणायच्या तयारीत होता. २३ डिसेंबर १९३८ च्या त्या कार्यक्रमात त्याच्याऐवजी त्याच्या दोन तबकड्या वाजवण्यात आल्या.

करार आणि कागद आले ते मेल्यानंतर. १९९० मध्ये निघालेल्या त्याच्या समग्र ध्वनिमुद्रणांच्या संचाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, ग्रॅमी मिळाले, आणि हक्कांसाठी खटले चालले. क्लॉड जॉन्सन हा त्याचा लग्नाबाहेरचा मुलगा असल्याचे मिसिसिपीच्या न्यायालयाने १९९८ मध्ये मान्य केले, २००० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. क्लॉडने आयुष्य खडीचा ट्रक चालवून काढले होते. लहानपणी बाप एकदा दारात आला असताना धार्मिक आजी-आजोबांनी त्याला बाहेर जाऊ दिले नाही, कारण तो माणूस सैतानाचे संगीत वाजवत होता. सौद्याच्या कथेची खरी किंमत कोणी मोजली असेल तर ती या मुलाने.

विद्या मात्र हातोहात पुढे गेली. आर्कान्सामधल्या हेलेना गावी जॉन्सन ज्या बाईच्या घरी राहत असे, तिच्या मुलाला त्याने शेजारी बसवून शिकवले. त्याचे नाव रॉबर्ट लॉकवुड ज्युनियर, वयाने जॉन्सनपेक्षा जेमतेम चार वर्षांनी लहान. लॉकवुड हेलेनाच्या रेडिओवर वाजवू लागला, पुढे शिकागोत नामांकित साथीदार झाला आणि २००६ मध्ये मरेपर्यंत गिटार वाजवत होता. बोटे कुठे ठेवायची आणि तारा कशा जुळवायच्या हे आपल्याला कोणी दाखवले, ते तो शेवटपर्यंत नाव घेऊन सांगत असे. पुढच्या प्रकरणांत जागोजाग त्याच्या, शाइन्सच्या आणि झिमरमनच्या घरच्यांच्या आठवणी येतील. त्या वाचण्याआधी ‘क्रॉस रोड ब्लूज’ची उपलब्ध असलेली दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत. एकाच दिवशी, एकाच खोलीत, एकाच माणसाने दोनदा गायलेले ते गाणे आहे, आणि दोन्ही वेळा गिटारचे जबाब जवळपास त्याच जागी पडतात.